बेहाल्यातली कडू ओळ

९ मार्च १९५१
कलकत्त्याजवळ बेहाल्याला आमच्या सरकारी शेतीखात्याचा प्रयोगाचा प्लॉट आहे, तिथे जाऊन आले. टॅपिओकाच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, सगळ्या ओळींत मोझॅक. पानं पिवळी, आक्रसलेली. विषाणूचा रोग, औषध नाही. फक्त मी संकर करून लावलेली कडेची ओळ हिरवीगार. घरी वडील, अप्पा, म्हणाले, "मग आता बढती?" मी हसले.

१४ मार्च
माझ्या ओळीतला कंद काढला. कडूजहर. रोग न लागण्याचा गुण रानटी जातीतून घेतला, तिचं विषही आलं. भिजवून, पाणी फेकून, नीट उकडला तरच खाण्याजोगा.

२ एप्रिल
तांदूळ मिळत नाही, म्हणून ऑफिसातले साहेब प्लॉटवरच्या गोड जातीचं बेणं निर्वासित वसाहतीत वाटणार. त्या कांड्यांतच रोग आहे, म्हटलं.
"मिस दामले, भुकेला माणूस पानं बघत नाही."
"आणि माझी ओळ?"
"विष वाटू?"
त्यात खोटं काही नाही. म्हणून जास्तच चीड.

११ एप्रिल
बेण्याचा ट्रक गेला. मागोमाग मीही. शोभादी पूर्व पाकिस्तानातल्या बारिसालहून आलेली, वसाहतीतली शाळा चालवते. तिला म्हटलं, हे लावू नका.
"मग काय लावू?"
तिने लावलं.

२० जून
वसाहतीतलं सगळं पीक आक्रसलं. एस्प्लनेडला ऑफिसात सांगितलं तर साहेब म्हणे, जमीनच वाईट. दुपारी हुकूम: बेहाल्याचा प्लॉट मोकळा करा, ताग लावायचा आहे.

२३ जून
ओळ उपटली. मजूर लावले होते, मी उभी राहून बघत होते. हाताला लागल्या तेवढ्या कांड्या गोणपाटात गुंडाळून घरी आणल्या. अप्पा: "नोकरी जाईल, मालू." जाईलही. आणि राहिली तर तागाची.

१ जुलै
शोभादी आली. कांड्या दाखवल्या, कडूपणाचं सगळं सांगितलं. दोनदा.
"मी भिजवीन," ती म्हणाली. "पण शेजारच्या घरी पोरं रडायला लागली की ती बाई कंद भिजेपर्यंत थांबेल?"
माहीत नाही, म्हटलं.
"तुम्ही थांबला असता?"
घरात तांदूळ आहे आमच्या.
चहा घेतला नाही तिने. गोणपाट उचललं, दारापर्यंत नेलं, तिथेच खाली ठेवलं. "पुढच्या रविवारी सांगते."
कांड्यांना कोंब फुटलेत. गॅलरीत फार दिवस तग धरणार नाहीत.