अर्धी गोळी साहेबाची

आई,

साहेबाला घेऊन तुमचा लेक आणि मी कुत्र्यांच्या डॉक्टरकडे निघालोय. त्याला आज कायमचं झोपवणार आहेत. तुमचा आत्ताच कुठे डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. हवं तर रागवा. काल संध्याकाळी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतात, तोच निरोप समजा.

त्याच्या किडन्या गेल्यात. सलाईनवर ठेवणं आपल्याला परवडणार नाही, आणि ठेवूनही तो वाचायचा नाही. डॉक्टर म्हणाले, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्यांना सोसत नाहीत. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या डबीत अर्धे तुकडे मी पाहिले होते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मनाला लावून घेऊ नका. त्याचा पाय सुजला तेव्हा ‘डॉक्टरची फी आपल्याला झेपायची नाही’ असं मीच तुमच्यासमोर फाडकन बोलले. माझ्या जिभेला हाड नाही. तुम्ही घरात होतं ते दिलंत, तेही स्वतःच्या तोंडचं काढून. तुम्ही बसत बसत जिना उतरायला लागलात, तेव्हा मी मेली म्हणाले, वय झालं आता.

त्याची ताटली घासून माळ्यावर टाकली आहे, शोधू नका. चहा थर्मासमध्ये आहे. दोन बिस्किटं खा आणि मग गोळी घ्या. अख्खी घ्या, आई. आता वाटेकरी नाही.