वाजत राहिलेली तार

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेचे पेपर तपासून झाले असतील तर हे शांतपणे वाच. आमच्या बँडला मोठ्या सभागृहात वाजवायला मिळतंय, तेही माझ्या नव्या वाजवण्यामुळे. तार छेडून मी गिटार थेट स्पीकरसमोर धरते. स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा हलवतो आणि सूर विझतच नाही. मग दोन्ही हातांची बोटं गिटारच्या मानेवर आपटून त्याच्याभोवती दुसरी धून विणते. गायक नुसता हवेत आहे. फक्त सूर असा टिकवायला कानठळ्या बसतील एवढा आवाज लागतो.

आता खरं सांगते. डाव्या कानातली शिट्टी थांबेना म्हणून डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आणि असंच चाललं तर उजवाही जाईल. बँडमध्ये बोलले नाहीये. आईला मुळीच कळू देऊ नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. ७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. लहानपणी कामाला हाक मारली की ऐकू न आल्याचं सोंग करायचीस, आता ते खरं करून दाखवायचंय का? बँडला ताबडतोब सांग, नाहीतर मी ड्रमरला फोन करीन. तुमच्यात तोच जरा शहाणा दिसतो. गिटार सोड असं म्हणत नाही. म्हटलं तर ऐकणार आहेस थोडीच! आई मात्र रोज तुझी चौकशी करते, आणि मला धड खोटंही बोलता येत नाही.

जिवाला जप, एवढंच मागते.

तुझी,
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. गायक म्हणाला, कार्यक्रमापर्यंत कळ काढ. ड्रमर त्याच्यावर असा भडकला की तालीम तिथेच मोडली.

घरी येऊन रागारागात सरावाचा छोटा स्पीकर लावला आणि गिटारचं डोकं त्याच्या लाकडी खोक्यावर दाबून धरलं. ताई, तार गायला लागली! अगदी हळू आवाजात. खोक्याची थरथर लाकडातून तारेत जाते आणि माझ्या खांद्याच्या हाडात उतरते. समोर माईक ठेवला की श्रोत्यांना मोठं ऐकू जाईल, मंचावर शांतता. गायकानं कबूल केलंय, पण तोंडदेखलं. उद्या कार्यक्रम. तो ऐनवेळी आवाज वाढवेल अशी भीती वाटते.

आठवण काढत राहा.

तुझी,
धाकटी

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भीती खरी ठरली. दुसऱ्या गाण्यात गायकानं आवाज सांभाळणाऱ्याला खूण केली आणि माझ्या मागचा मोठा स्पीकर दणाणला. कानात शिट्टी उठली, माझाच सूर मला सापडेना. मी वाजवणं थांबवलं. गायक डोळे वटारत होता. मी जाऊन स्पीकरचं बटण बंद केलं आणि छोट्या खोक्याशी जमिनीवर बसले. सभागृहात हुर्यो सुरू झाली. एका हातानं गिटारचं डोकं खोक्यावर दाबलं, दुसऱ्यानं तार छेडली; माईक जवळ ओढायला हात उरला नाही. ड्रमरनं काठ्या खाली ठेवल्या, माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि स्वतः खोक्यासमोर माईक धरला.

तार गायला लागली. हुर्यो विरत गेली. मागचे लोक पुढच्यांना गप्प करताना दिसले, मग सगळेच ऐकू लागले.

गायकानं बँड सोडलाय. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं: डावा गेला तो गेलाच, उजवा शाबूत आहे. आईला मीच सांगितलं. आधी रडली, मग मनसोक्त रागावली.

सुट्टीत ये. आणि ताई, आता फिरायला गेलो की माझ्या उजव्या बाजूनं चालत जा. तुझं बोलणं निसटू द्यायचं नाहीये मला.

तुझी,
धाकटी