भिंतीची जाडी

३ ऑगस्ट १९८६, रवि.
ठरलं. खोलीत मधोमध भिंत. भांडण असं झालं नाही. भावोजी एवढंच म्हणाले, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा शांत झोप हवी, आणि सुमनलाही आपली चूल हवी. ह्यांनी मान डोलावली. मग दोघे भाऊ माझ्याकडे वळले. तुम्ही भूमितीच्या बाई, तुम्हीच मापा. वहिनीवर नाही, बाईंवर विश्वास. बरं.
सुमनने, माझ्या जावेने, दोरी निळीत बुडवली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ताणून सोडली. कोब्यावर सरळ निळी रेघ. दोन्हीकडे आठ-आठ फूट.

५ ऑगस्ट, मंगळ.
आठवी ब. बिंदू, रेषा, रेषाखंड. रेषेला जाडी नाही, टोकं नाहीत. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "बाई, मग ही वर्गाच्या भिंतीपाशी थांबत नाही?" नाही. मग पार मालाडला? तिथेही नाही. वर्ग हसला.

९ ऑगस्ट, शनि.
विटा आल्या. गवंड्याने रेघ पाहून विचारलं, भिंत हिच्या कुठल्या अंगाला? वीट साडेचार इंच, वर दोन्हीकडून गिलावा. माझ्या डोक्यातच नव्हतं. इतकी वर्षं रेषेला जाडी नसते शिकवते, घर वाटतानाही तेच धरलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी घ्या म्हटलं, तर भावोजींना चालेना. त्यांनी खाट नि कपाट आधीच मापून ठेवलेलं, बरोब्बर आठ फूट. ह्यांनीही गुपचूप आमचा पलंग मापला होता, ते तेव्हा कळलं.
"वाट लागली," सु. हळूच म्हणाली. आम्ही दोघी हसलो. भाऊ हसले नाहीत. गवंडी म्हणाला, ठरवा, पुढच्या शनिवारी येतो.

१० ऑगस्ट, रवि.
सासूबाई आज जेवताना म्हणाल्या, "गणपती खंय बसतलो?"
दरवर्षी मखर छताच्या मधल्या आकड्याखाली. रेघ नेमकी तिथून. चतुर्थी महिन्यावर. चूल वेगळी झाली तरी घरचा गणपती एकच, हे दोघांनाही ठाऊक.

१२ ऑगस्ट, मंगळ.
वाटलं होतं, भिंत म्हणजे रेषाखंड, दोन टोकांत संपेल. मोरीत कालपासून दोन बादल्या. मसाल्याच्या बरण्या दोन. मे महिन्यात गावालाही वेगवेगळे जाणार म्हणे.
मला ही भिंत नको आहे. सुमन पलीकडे गेलेली नको आहे. पण मापून दिल्यावर आता कुठल्या तोंडाने बोलू?

१५ ऑगस्ट, शुक्र.
झेंडावंदन करून लवकर घरी. सु. कोबा पुसत होती. रेघेपाशी थांबली.
"ताई, पुसू काय?"
पदर खोचून मीही बसले. साबण लावून दोघींनी घासली. फिकी झाली, गेली नाही.
सासूबाई उठल्या, माळ्यावरून गणपतीचा पाट काढायला लावला आणि रेघेवर मांडला. एवढ्या लवकर कशाला, हे म्हणाले. सासूबाईंनी पाट पुसायला घेतला.
पाट अजून तिथेच आहे. गवंडी उद्या सकाळी येणार.