अरुंद फिल्टर आणि हारून मुकादम

मी, दयानंद रघुनाथ तेरसे, वय ६१, मूळ गाव कुडाळ, सध्या मुक्काम अझैबा, मस्कत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बायपासची तारीख मिळाली म्हणून. एरवी एवढी घाई नव्हती. डोके ठिकाणावर आहे, डोळे-कान शाबूत आहेत, कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती करू शकेल हे माझी पत्नीही मान्य करणार नाही.

१. कुडाळचा फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी सौ. कुमुदिनी हिच्या, तिच्यानंतर मुलगी यशश्री हिच्या. यशश्री इंग्रजी शाळेत शिकली, तिला हा मराठी मजकूर वाचायला जड जाईल. तिने आईकडून वाचून घ्यावा.

२. सोल्डरिंगची हत्यारे आणि गच्चीवरची अँटेना आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाला. उतरवताना घरमालकाच्या डिशला धक्का लावू नये. आमचा अर्बाब, म्हणजे हा मालक, भला माणूस आहे, पण डिशच्या बाबतीत नाही.

३. माझा रेडिओ सेटही मंडळाला. त्यात मी पारखून निवडलेला अरुंद फिल्टर आहे. फिल्टर म्हणजे गाळणी; शेजारच्या स्टेशनांचा कलकलाट अडवून हवा तो आवाज तेवढा आत सोडते. सेटबरोबर येणारा रुंद फिल्टर सगळ्यांनाच आत घेतो. श्री. हारून मुकादम (मूळ दापोली, रुवीत गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान, माझ्याइतकाच जुना रेडिओवाला) याने "रुंदच ठेव, अरुंदात शब्दांच्या कडा जातात" असा हेका धरला होता. माझा हात थरथरतो म्हणून बसवायला मात्र तोच आला. आधी आवाज घुसमटला; मी त्याच्या सोल्डरिंगवर खापर फोडले. तो पुन्हा येऊन काहीतरी खटपट करून गेला, दुकानात पडून होता म्हणून एक स्पीकरही ठेवून गेला, आणि आवाज असा स्वच्छ लागला की मंडळाच्या शुक्रवारच्या बैठकीत मी सर्वांसमोर म्हणालो, "हारून, तू क्लच प्लेटा विक. फिल्टर निवडायला कान लागतात!" सबब, या सेटला हारूनला हातही लावू देऊ नये.

(येथवर गुरुवारी लिहिले. पुढचे शनिवारी.)

४. कलम ३ मध्ये फिल्टरचा नंबर घालावा म्हणून आज सेटचे झाकण उघडले. आत अरुंद फिल्टर नाही. जुना रुंदच बसलेला आहे. मी ओरडलो, "कुमुद, त्या हारूनने माझा फिल्टर लांबवला!"

ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मी म्हटले, "काय?" ती हात पुसत समोर येऊन उभी राहिली.

"हेच ते तुमचं 'काय?'! अहो, तुम्हाला ऐकू कमी येतंय. वर्ष होत आलं. पण तुम्हाला सांगायची काही सोय आहे का? हारूनभावजी म्हणाले, 'वहिनी, त्याला सांगू नका, मी गुपचूप जुना फिल्टर परत बसवतो आणि खणखणीत स्पीकर शोधून आणतो.' बैठकीत तुम्ही त्यांना काय बोललात ते पाटकरवहिनींनी सांगितलं मला. त्या दिवशीसुद्धा घरी येऊन चहा पिऊन गेले बिचारे. वर स्पीकर नीट वाजतोय ना, तेच विचारत होते."

मला लाज वाटते. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. "कान लागतात" हे मी बोललो तेव्हा सगळ्यांच्या आधी हारूनच हसला होता. त्याला तेव्हाही ठाऊक होते. मंडळातल्या धनंजय पाटकरांनी माझ्या शब्दावर तसलाच अरुंद फिल्टर मागवला आणि काही समजेना तेव्हा स्वतःच्या कानांना बोल लावला. त्यांना तोंड कसे दाखवू?

५. कलम ३ खोडायला पेन उचलले, पण खोडत नाही. मी काय लिहिले होते ते दिसू दे. सेट मात्र मंडळाला नाही, हारूनला.

६. कलम ५ रद्द. लिहून झाल्यावर ध्यानात आले की, हारूनला सेट लिहून ठेवला तर हे सगळे तो मी गेल्यावर वाचणार. म्हणजे मी सुटलो. शाब्बास, तेरसे! मरतानाही पळवाट! वकील म्हणतात, ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार करू नये. म्हणून हारूनला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. तो साक्षीदार होईल. त्याला समोर बसवून, कलम ३ सकट, मी स्वतः सगळे वाचून दाखवीन. सेट त्याच दिवशी त्याच्या हातात देईन, घेतला तर. नाही घेतला, तर मंडळाला.

७. आरंभी "कान शाबूत" लिहिले आहे ते रद्द समजावे. डोके ठिकाणावर आहे, एवढे राहू द्यावे.

अझैबा, मस्कत. सह्या केल्या शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०१४ रोजी.

(सही) द. र. तेरसे

साक्षीदार १ : (सही) धनंजय पाटकर, कुरुम. माझा फिल्टर विकणे आहे.

साक्षीदार २ : (सही) हारून मुकादम, रुवी. सेट घेतला नाही. अरुंद फिल्टर माझ्या दुकानात सुखरूप आहे; दयानंद कानाचं मशीन लावून येईल तेव्हा परत मिळेल. त्याने मजकूर माझ्यासमोर वाचायला घेतला. कलम ३ ला त्याचा आवाज बसला. मी म्हटलं, "काय? ऐकू नाही आलं." तेव्हा त्याने ते परत पहिल्यापासून वाचलं, मोठ्याने. पुढचं आम्हा दोघांनाही वाचवेना, ते कुमुदवहिनींनी वाचलं.