चुन्याच्या निवळीचे तीस कप

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा हशा! माझा सातवी अ चा तास चालू, आणि भिंतीपलीकडे सातवी ब मध्ये नुसता धिंगाणा. मी फळ्यावर संयुजा समजावतोय आणि माझी सगळी पोरं भिंतीकडे कान लावून बसलेली. शेवटी जाऊन डोकावलोच.

नव्या मॅडमनी बाकं कडेला सरकवली होती. मुलांच्या छातीवर कागद — कुणी हायड्रोजन, कुणी ऑक्सिजन. ऑक्सिजनने दोन्ही हात पसरायचे, दोन हायड्रोजननी येऊन एकेक हात धरायचा. झालं पाणी! आणि मधोमध ऑक्सिजन होऊन उभी कोण? माझीच लेक. तोंडभर हसू. मी दिसलो, तसं हसू आवरलं तिने.

तिला ब तुकडीत मीच अर्ज करून घातली. बाप शिकवतो म्हणून मार्क मिळतात, असं कुणी म्हणायला नको. घ्या आता!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज खायचा सोडा, व्हिनेगर आणि बाटलीच्या तोंडाला फुगा. फुगा फुगला की टाळ्या! मी नव्या मॅडमचं नाव ठेवलंय फसफसबाई. शिक्षक खोलीत सांगितलं तर सगळे हसले. मग त्यातलेच दोघं मधल्या सुट्टीत फुगा बघायला गेले.

शिपाईसुद्धा म्हणतो, "सर, त्या मॅडमच्या तासाला मी आपला दारात उभा राहतो. मला पण कळतं हो!" बावीस वर्षं माझ्या वर्गाबाहेर स्टुलावर बसून पेंगला हा गृहस्थ.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरी आलो तर ओट्यावर बारा वाट्या. लेकीने जांभळा कोबी उकळून त्याचं पाणी काढलेलं. लिंबू पिळलं की गुलाबी, साबणाचं पाणी घातलं की हिरवं. बायको सगळं काम टाकून पदराला हात पुसत बघत उभी.

"आई, आता यात बाबांचं पोटाचं औषध घालूया?"

घातलं. निळं झालं. दोघी किंचाळल्या. मी म्हणालो, औषध फुकट घालवू नका. बायको सहज म्हणाली, "तुम्ही कधी असं काही दाखवलं नाहीत हो घरी." सहजच म्हणाली.

खरं लिहितो. जळतोय मी. तीस वर्षांची पोरगी, येऊन सहा महिने झाले, आणि माझा नुसता तिळपापड होतोय.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. पुढच्या सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार, विज्ञानाचा एक तास बघणार. तो तास बघून पुढच्या वर्षी सहावी ते आठवीचं विज्ञान आणि प्रयोगशाळा एकाच्या हाती द्यायची. दुसऱ्याने पाचवीचं गणित घ्यायचं.

मी म्हणालो, तास मी घेतो. बाई चष्मा पुसत राहिल्या. "तुमच्या मुलांना सगळं पाठ असतं सर, पण..."

तास फसफसबाईंचा!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक जेवताना तासभर मॅडमबद्दल बोलली. मी मोजलं — "मॅडम म्हणाल्या" सतरा वेळा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा बंद करायला गेलो. किल्ली माझ्याकडेच असते, अजून तरी! शिपाई बाहेर कुलूप घेऊन उभा.

लांब टेबलावर कागदाचे तीस कप ओळीने मांडलेले. प्रत्येकात तळाला दोन बोटं चुन्याची निवळी, शेजारी नळी. सोमवारी मुलं नळीने फुंकणार, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होणार. साहेबांसमोर वेळ जायला नको म्हणून फसफसबाईंनी आजच ओतून ठेवली! वर झाकण नाही, ताट नाही, काही नाही.

हसूच आलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं. उघड्यावर राहिली की खोलीतली हवाच तिचं काम उरकून टाकते. वर पांढरी साय धरते आणि खाली उरतं साधं पाणी. सोमवारी पोरं गाल दुखेपर्यंत फुंकतील, ढिम्म काही होणार नाही.

कपाटात मोठी बाटली, घट्ट बुचाची. कप तिच्यात परत रिकामे करायचे, बूच लावायचं. पाच मिनिटांचं काम.

दिवा मालवला. शिपायाला म्हणालो, लाव कुलूप.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिचा नंबर आहे माझ्याकडे. एक फोन केला असता तर सोमवारी सकाळी लवकर येऊन ताजी ओतली असती तिने. दोनदा फोन हातात घेतला. मग लेक आली आणि विचारू लागली, "बाबा, उद्या मॅडमचा तास मस्त होईल ना?" फोन ठेवून दिला.

मी काय केलंय? काहीच नाही. चूक तिची.

१७ फेब्रुवारी, सोमवार

झालं तसंच! तीस पोरं फुंकतायत, गाल लाल, कपात नुसते बुडबुडे. साहेबांनी घड्याळ बघितलं. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. फसफसबाई पांढरीफटक. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट — काय गार वाटलं म्हणून सांगू!

मग ती म्हणाली, "काहीच झालं नाही. का झालं नसेल? शोधा."

एकाने पेन्सिलीच्या टोकाने कपातली साय उचलली. दुसरी ओरडली, "मॅडम, हे आधीच झालंय! आपण फुंकायच्या आधीच!" मग एकच गलका. कुणी म्हणे हवेने झालं, कुणी म्हणे रात्री उंदीर फुंकून गेला. बाटलीतली निवळी आणून ताज्या कपात फुंकून पाहिली. दुधाळ! साहेब कोट काढून मुलांच्या बाकावर जाऊन बसले आणि स्वतः नळी मागून घेतली.

शेवटी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "शनिवारी कप उघडे मी ठेवले. चूक माझी." आणि गृहपाठ काय दिला? "ही चूक कुठे कुठे थांबवता आली असती? विचारा, शोधा, लिहून आणा."

या बाईची चूकसुद्धा फळाला येते! मी बिनचूक शिकवलं जन्मभर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विज्ञान तिच्याकडे. पाचवीचं गणित मला. मोठ्या बाईंनी चहा पाजून सांगितलं. किल्ली टेबलावर ठेवून आलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज मात्र मनासारखं झालं! संध्याकाळी लेक वही घेऊन माझ्याकडे आली. माझ्याकडे! तिच्या मॅडमकडे नाही!

"बाबा, निवळी दोन दिवस उघडी राहिली तर बिघडते, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे? अगं, पहिल्याच वर्षी मीच अशी घालवली होती!" मग काय, खुललो मी. तेव्हाचे मोठे सर कसे ओरडले, साय कशी धरते, किती वेळात धरते, झाकलं की कशी टिकते, सगळं सांगितलं. कपात थोडी निवळी करून तिला फुंकायलाही लावलं. अर्धा तास! बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. लेक एकेक शब्द उतरवून घेत होती. मध्ये एकदाच विचारलं, "हे बघितल्या बघितल्या लगेच ओळखू येतं?" म्हटलं, मला तर दारातूनच कळतं!

मग तिने वही मिटली. दमली असेल. कितीतरी महिन्यांनी असा तास घेतला मी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माझ्या बॅगेत एक पान सापडलं, वहीतून फाडलेलं. लेकीचं अक्षर.

"शनिवारी शेवटी प्रयोगशाळेत कोण होतं? — बाबा. (शिपाईकाकांनी सांगितलं.) दिवा होता का? — होता. बाबांना माहीत होतं का? — हो. (त्यांनीच सांगितलं.)"

ती अंघोळीला गेली तेव्हा तिची वही उघडून बघितली. मॅडमना द्यायच्या पानावर एकच ओळ — "ही चूक कुठेच थांबवता आली नसती. कुणालाच माहीत नव्हतं."