तव्यापलीकडचा माणूस

४ नोव्हेंबर, मंगळवार
दीप्तीने जाहीर केलं, रविवारी दुपारी आपण तिघं अंधेरीला जपानी हॉटेलात जेवायला जायचं. मोठ्या तव्याभोवती बसायचं, शेफ समोरच शिजवून वाढतो, बाकीचा बुफे हवा तितका. कारण विचारलं. म्हणाली, असंच, बाबा. या मुलीने अठ्ठावीस वर्षांत असंच काही केलेलं नाही. विमलाला विचारलं. ती मला काय माहीत म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली. कोथिंबीर सकाळीच निवडून झाली होती.
संकल्प : संशय घ्यायचा नाही. फक्त निरीक्षण.

६ नोव्हेंबर, गुरुवार
अभ्यास पूर्ण. गोरेगावच्या बिस्किट फॅक्टरीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय, नजरेतून काही सुटत नाही. बुफेवाले आधी सूप आणि भात देऊन पोट भरवतात. सूपला हात लावायचा नाही.
विमला म्हणाली, अहो, तिथे जरा गोड बोला. हॉटेलात गोड कशाला बोलायचं? वर ऐकवलं की दीप्तीची तीन स्थळं तुमच्या चौकशांनी पळवली. चौकशी हे प्रेमच असतं. समोरच्याला ते पेलत नाही, त्याला मी काय करणार.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११
चहाशिवाय पोटात काही नाही. विमला काठापदराची साडी नेसली आहे. दुपारच्या जेवणाला. नोंद घेतली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
चष्मा घरी राहिला. तरी फरक पडला नाही.
सूप तीन वाट्या झालं. ते तपासणीसाठी.
शेफ तिशीचा, काळी टोपी, डाव्या भुवईवर जुना व्रण. छातीवर नावाची पट्टी होती, वाचता आली नाही. उलथन्यावर अंडं उडवून झेललं. कांद्याच्या चकत्या रचून त्यातून जाळ काढला. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. जाळाकडे बघताना माणूस कोळंबी मोजत नाही, हा हेतू.
मग आमच्याच ताटांत जास्त कोळंबी पडू लागली. शेजारच्या कुटुंबाला चार, आम्हाला सात. जुना माल खपवताहेत हे उघड आहे. (सात खाल्ल्या. टाकणं बरं दिसत नाही.)
तेल किती वेळा वापरता, असं विचारलं. म्हणाला, सर, तव्यावर तेल उरतच नाही. उत्तर तयार होतं. तयार उत्तर संशयास्पद असतं.
सगळ्यात गंभीर गोष्ट पुढे. विमलाच्या भाज्या त्याने न विचारता बिनमिरचीच्या केल्या. तिला अ‍ॅसिडिटी आहे हे याला कुठून कळलं? दीप्ती म्हणाली, बुकिंग करताना सांगितलं होतं. बोलताना ताटात बघत होती.
आणि दीड तासात त्याने दीप्तीकडे एकदाही पाहिलं नाही. बाकी सगळ्यांशी हसून. हा सरळ उर्मटपणा.

१० नोव्हेंबर, सोमवार
हॉटेलला ईमेल केला. सात मुद्दे. मधल्या तव्यावरच्या, भुवईवर व्रण असलेल्या शेफला ग्राहकांसमोर उभं करू नये, अशी सूचना. सातवा मुद्दा उर्मटपणाचा. भाषा सभ्य, पण धारदार. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी चहा पिताना दीप्तीने विचारलं, बाबा, तो शेफ कसा वाटला? मी तक्रारीचं सांगितलं. मुद्देही वाचून दाखवले. तिने कप खाली ठेवला.
म्हणाली, "तो सुयोग आहे."
कोण सुयोग, असं मी विचारलं.
"मी ज्याच्याशी लग्न करणार आहे तो."
त्याचं गाव देवगडजवळचं, आई तिथेच असते. दोन वर्षांची ओळख. विमलाला दिवाळीपासून माहीत आहे. आधी बाबांनी त्याला माणूस म्हणून बघावं, मग सांगू, असं ठरलं होतं. डिसेंबरात तो हेडशेफ व्हायचा होता. तक्रार लेखी आली की ते राहिलं, असं म्हणून ती डबा न घेता ऑफिसला गेली.
मला अंदाज होताच. फक्त नोंद घेतली नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दीप्ती बोलत नाही. विमला बोलते, पण फक्त जेवायला या एवढंच. पाठवलेला ईमेल परत घेता येतो का, याचा फोनवर अभ्यास केला. येत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी
दुपारी एकटाच अंधेरीला गेलो. चष्मा लावून. मॅनेजर मृणालिनी नावाच्या बाई आहेत. त्यांना म्हणालो, माझी तक्रार मी मागे घेतो, त्या माणसाचं नुकसान करू नका. त्यांनी विचारलं, कुठली तक्रार?
मी ईमेल केला तो पत्ता जुना होता. वर्षभर कोणी उघडला नव्हता. मी तिथून निघू शकलो असतो. पण बाईंनी तक्रार मोबाइलवर शोधून काढलीच, आणि सुयोगला बोलावून त्याच्यासमोर पहिल्या मुद्द्यापासून वाचायला घेतली. अंदाजे तीन मिनिटं. मी भिंतीवरच्या जपानी पंख्याकडे बघत होतो.
सुयोग अ‍ॅप्रनला हात पुसत उभा होता. म्हणाला, काका, सातवा मुद्दा बरोबर आहे. दीप्तीनेच बजावलं होतं, माझ्याकडे बघू नकोस, बाबा लगेच ओळखतात.
बाई हसल्या आणि दुपारच्या हिशोबाला परत गेल्या. त्याने मला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, भात आणि मासा स्वतः आणून दिला आणि समोर बसला. मी बरेच प्रश्न तयार करून नेले होते. एकच विचारला, आईची तब्येत कशी असते. तो त्यावर बराच वेळ बोलला. मासा ताजा होता.
घरी आल्यावर विमलाने विचारलं, मुलगा कसा आहे? मी म्हणालो, एवढ्यावरून काही सांगता येत नाही, नीट चौकशी करावी लागेल. तिने तिथल्या तिथे दीप्तीला फोन लावला आणि सांगितलं, बाबांना पसंत आहे.
मी असं म्हणालो नव्हतो. दुरुस्ती करायला फोन मागितला. तिने दिला नाही.