दारवर कोण आलं

बुधवार, १२ नोव्हेंबर

नाही, मेले नाही! मरायचंच असतं तर निदान मेथी निवडून झाल्यावर मेले असते.

दुपारी फोन सारखा थरथरत होता. उघडून पाहिलं तर समाजाच्या ग्रुपवर माझाच फोटो. वर हार, खाली दोन दिवे. ‘कै. उषाबाई निंबा पाटील यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ फोटो तरी कोणता — पुतण्याच्या हळदीतला, तोंडात अख्खा लाडू! मेल्यावर असं दिसायचं का माणसानं?

माझी सून वर्षा, तिनं इकडं-तिकडं विचारून शोध लावला. गेली ती पांडेसऱ्याची उषाबाई. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच. सुरतेत दगड उचलला की खालून एक निंबा पाटील निघतो, अन् निम्म्यांच्या बायका उषाबाई. ग्रुप चालवतो तो भूपेंद्र. त्यानं नाव वाचलं, हाताला लागला तो फोटो चिकटवला.

वर्षा त्याला फोन लावायला निघाली. म्हटलं, ठेव. उद्याच्या दिवस सांगू नको कोणाला. पाहू दे माझ्या दारवर कोण येतं. ती म्हणे, आई, अभद्र बोलू नका. अभद्र त्यानं केलं, मी नुसती गंमत बघते! आमचे निंबा वर वाट पाहत असतील तर पाहू दे अजून.

आमच्या खान्देशात माणूस गेलं की दारवर जातात. ओट्यावर बसतात, घरच्या बाईच्या गळ्यात पडून रडतात, चहा न घेता उठतात. दारवर आला तो आपला. बाकी सगळा बाजार.

ग्रुपवर आठशेच्या वर माणसं आहेत. पण मला पाहायचंय एकीचंच — रुक्मिणीचं. उधन्याला राहते. आम्ही दोघी एकाच खात्यात, म्हणजे कारखान्यात, साड्यांचे धागे कापत म्हाताऱ्या झालो. दिवाळीत तिनं केसांना मेंदी लावली, मी चारचौघींत म्हटलं, ही बघा पिकली संत्री. तेव्हापासून बोलत नाही. तिच्याकडे बटणाचा फोन, ग्रुपवर नाही. पण उधन्याला कोणी सांगेलच की.

येते का बघू.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कोणी नाही.

गुरुवारीच, दुपारी

ओट्यावर बसून सगळं वाचून काढलं. डोकं तापलंय!

भजनी मंडळाचा आनंदा लिहितो — ‘अत्यंत मितभाषी व्यक्तिमत्त्व हरपले.’ मितभाषी! मी! मंगळवारी भाजीवाल्यापुढं ह्यालाच मी गप्प केला होता.

एकानं अंगठा दाखवलाय. माझ्या मरणाला अंगठा! म्हणजे पास झाले वाटतं. त्याच्या खाली लगेच, डिंडोलीत रो-हाऊस विकणे आहे.

अन् उज्ज्वला — माझी सख्खी मावसबहीण! इथून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. काल लिहिलं, ‘ताई, तुझ्याविना सकाळ सुनी.’ आणि आज उजाडताच मलाच पाठवला गुलाब — ‘शुभ सकाळ ताई.’ मेलेल्या बाईला शुभ सकाळ! म्हणजे कोणाला काय धाडतो हे बघतसुद्धा नाही ही. वर्षभर मी तिचे गुलाब बघून खूश होत होते. येडी मी.

सगळ्यात राग ह्याचा — माझ्या लेकाला, वाल्मिकला, एक फोन नाही. आई मेली त्या पोराची, अन् कोणी त्याला विचारलं नाही, जेवला का रे?

रुक्मिणीचाही पत्ता नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आली!

गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आली. ‘उषा वं, कोठे गई वं माय…’ पदर डोळ्यांना, वर बघतच नव्हती. सरळ वर्षाच्या गळ्यात पडली. वर्षा घाबरून लाकूड झाली. मी मागं लसूण सोलत बसले होते. म्हटलं, हळू रड ना, मेलेलं माणूस उठून बसेल.

वळली. बघत राहिली. मग अशी एक तोंडात दिली की कान वाजला.

‘तुले काही लाज शे का नई?’

मग मिठी मारून माझ्या पाठीत बुक्क्या घालत रडली. केस अजून तसेच केशरी. जिभेवर आलेली संत्री मी गिळली. जन्मात पहिल्यांदा.

मग पाणी प्याली, अन् आठशे माणसांत कोणाला सुचलं नाही ते तिनं विचारलं. ‘मंग मरनी कोन?’

भूपेंद्रला सांगितलं तर त्यानं टाकलं — ‘आनंदाची बातमी! काकू सुखरूप. ती बातमी खोटी.’ लगेच फुगे, केक, टाळ्या. मरणापेक्षा जास्त गर्दी.

खोटी कशी रे? बाई तर गेलीच ना एक.

शनिवार, १५ नोव्हेंबर

रुक्मिणी अन् मी पांडेसऱ्याला गेलो. तिसऱ्या मजल्यावर खोली. जिन्यात रुक्मिणी मध्येच बसली, मी तिचा हात धरून थांबले.

दारात सतरंजी, वर दोनच पोरी. मोठी अश्विनी. तिनं सांगितलं, लोक रिक्षा करून निघाले होते, अर्ध्या रस्त्यातून परत वळले. ग्रुपवर आलं ना, बातमी खोटी. ‘मावशी, एकेकाला फोन करून सांगावं लागलं — नाही हो, आमची आई खरंच गेली.’

आई मेली हे पटवून द्यावं लागलं पोरींना! थू अशा ग्रुपवर.

तिथूनच भूपेंद्रला झापला. तो म्हणे, काकू, आता परत श्रद्धांजली टाकली तर लोक हसतील. म्हटलं, बोटं नको चालवू, पाय चालव. अन् येताना उज्ज्वलाला उचलून आण.

आले दोघं. मागून आणखी चार-पाच. उज्ज्वला मला म्हणते, ताई, तब्येत छान दिसते तुझी. म्हटलं, मेल्यापासून सुधारली.

पण मग पोरींना जवळ घेतलं अन् मी जे रडले, जे रडले! अश्विनीच मला पाणी पाजत होती. म्हणे, मावशी, तुमची अन् आईची ओळख होती का?

रविवार, १६ नोव्हेंबर

काल एक लिहिलं नाही.

ती उषाबाई कशी दिसायची तेसुद्धा मला माहीत नाही. मी तिच्यासाठी रडले नाही. जिन्यात रुक्मिणी छातीला हात लावून बसली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती म्हणाली, कोणाला सांगू नको.

माझ्या दारवर येणारी ती एकच आहे, अन् ती माझ्याआधी जाणार. मी माझ्यासाठी रडले.